‘इंग्लिश टीचर’ म्हटलं की समोरचा का गोंधळतो? इंग्रजी जोडशब्दांतला आघात दुरुस्त करताना

तक्रार ठरलेली असते. व्याकरण पक्कं आहे, शब्द भरपूर आहेत, वाचन दांडगं आहे, तरी फोनवर पलीकडचा माणूस मधूनमधून ‘सॉरी?’ म्हणतो. वाक्य पुन्हा म्हटलं, आवाज चढवून म्हटलं, तरी तोच शब्द अडतो. आणि गंमत म्हणजे अडणारा शब्द अवघड नसतो. ‘स्विमिंग पूल’, ‘बस स्टॉप’, ‘क्रेडिट कार्ड’ असा लहानपणापासून तोंडात बसलेला शब्द असतो.

माझ्याकडे बोलण्याच्या सरावाला येणारे बहुतेक जण नोकरीतले, तिशी-चाळिशीचे. त्यांपैकी एकाची बदली लेस्टरला झाली. नव्या ऑफिसात कोणी तरी त्याला विचारलं, बायको काय करते? तो म्हणाला, ‘शी इज ॲन इंग्लिश टीचर.’ लगेच पुढचा प्रश्न आला, इंग्लंडमध्ये कुठली? बायको सांगलीची, तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवणारी. त्याच्या वाक्यात एकही चूक नव्हती. फक्त जोर ‘टीचर’वर पडला होता. तिथे जोर पडला की इंग्रजी कानाला ‘इंग्रज शिक्षिका’ ऐकू येते. ‘इंग्लिश’वर पडला असता तर ‘इंग्रजी शिकवणारी’ ऐकू आलं असतं. रविवारी व्हिडिओ कॉलवर त्याने मला हे सांगितलं तेव्हा तो खरोखर खट्टू झाला होता. पंधरा वर्षं इंग्रजीत काम केलेल्या माणसाला हे कुणीच कधी सांगितलं नव्हतं.

पुढे मी शब्दकोशात असते तीच उभी खूण वापरते. ˈ ही खूण ज्या तुकड्याआधी असेल तिथे आघात, म्हणजे जोर. ˈइंग्लिश टीचर म्हणजे इंग्रजी शिकवणारी, इंग्लिश ˈटीचर म्हणजे इंग्लंडची.

आधी खात्री करा की दोष हाच आहे

फोनवर स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करा. सुटे शब्द म्हणू नका. सुटा शब्द म्हणताना आपण सावध असतो. ‘मी क्रेडिट कार्ड हरवलं’, ‘बस स्टॉपवर भेटू’, ‘त्यांना हार्ट अटॅक आला’ अशी साधी वाक्यं इंग्रजीत म्हणा. त्यांत हे दहा शब्द येऊ द्या: स्विमिंग पूल, बस स्टॉप, क्रेडिट कार्ड, पोस्ट ऑफिस, हार्ट अटॅक, ब्लड टेस्ट, फोन नंबर, ड्रायव्हिंग लायसन्स, पासवर्ड, डेडलाइन. मग ऐका. सूर कुठल्या तुकड्यावर चढून खाली येतो?

दहाही ठिकाणी तो पहिल्या तुकड्यावर हलायला हवा. माझा अनुभव असा, की ‘पासवर्ड’ आणि ‘डेडलाइन’ बहुतेकांचे बरोबर येतात. चुकतात ते ‘पोस्ट ऑफिस’, ‘स्विमिंग पूल’, ‘ब्लड टेस्ट’. याचं एक कारण लिखाणात आहे. ‘पासवर्ड’ जोडून लिहितात, म्हणून तो एक शब्द वाटतो. ‘पोस्ट ऑफिस’ तोडून लिहितात, म्हणून दोन वाटतात. इंग्रजीत जोडून लिहायचं की तोडून, हा बराचसा रूढीचा भाग आहे. त्यावरून आघात ठरवू गेलात तर फसाल.

दुसरं कारण अधिक खोल आहे. ‘पोस्ट ऑफिस’ हा आपल्यासाठी मराठी शब्द आहे. ‘पोस्ट ऑफिसात जाऊन ये’ म्हणताना तो मराठी लयीतच येतो, आणि यायलाच हवा. अडचण होते ती ही मराठी लय इंग्रजी वाक्यात तशीच शिरते तेव्हा. म्हणून जे शब्द सर्वांत ओळखीचे, तेच सर्वांत हट्टी.

मराठी तोंडाला हे का सुचत नाही

समास आपल्यालाही नवा नाही. पण मराठीत समास झाल्याची खूण शब्दाच्या अंगावर दिसते. ‘काळं मांजर’ म्हणजे रंगाने काळं असलेलं कुठलंही मांजर. ‘काळमांजर’ म्हणजे रानात राहणारा एक निराळाच प्राणी. ‘काळं’मधला शेवटचा स्वर गळाला, तिथेच समास कळला. ‘पांढरा’चा ‘पांढर’ होऊन ‘पांढरपेशा’ होतो. मीठ आणि भाकरी एकत्र आली की ‘भाकरी’ची ‘भाकर’ होते. शब्दाचं रूप बदलतं, त्यामुळे सुराला वेगळं काम उरत नाही. मराठीत आघाताने अर्थ बदलतो असा शब्द शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही.

इंग्रजीत ‘ग्रीन’ तो ‘ग्रीन’च राहतो आणि ‘हाउस’ ते ‘हाउस’च. रूप हलत नाही, म्हणून समास झाल्याचं सांगण्याची जबाबदारी आघाताकडे जाते. ˈग्रीनहाउस म्हणजे रोपांसाठीचं काचघर, मग त्याचा रंग कुठलाही असो. ग्रीन ˈहाउस म्हणजे हिरव्या रंगाचं घर. ˈब्लॅकबर्ड ही पक्ष्याची एक जात आहे, आणि तिची मादी तपकिरी असते. ब्लॅक ˈबर्ड म्हणजे कोणताही काळा पक्षी, आपला कावळासुद्धा. ˈडार्करूम फोटो धुण्याची, डार्क ˈरूम नुसती अंधारी. ˈहायचेअर लहान मुलाला भरवायची, हाय ˈचेअर नुसती उंच.

ही कल्पना आपल्या परंपरेला परकी आहे असं मात्र समजू नका. इंद्राने त्वष्ट्याच्या मुलाला मारलं, म्हणून त्वष्ट्याने इंद्राचा काळ ठरेल असा पुत्र व्हावा यासाठी यज्ञ केला. आहुती देताना तो ‘इंद्रशत्रु’ असं म्हणाला. उच्चारातला स्वर, म्हणजे चढा सूर, शेवटच्या पदावर असता तर तो तत्पुरुष समास झाला असता: इंद्राला मारणारा. पण स्वर पडला पहिल्या पदावर, आणि तो बहुव्रीही झाला: ज्याला मारणारा इंद्र आहे असा. वृत्र जन्मला आणि इंद्राच्याच हातून मेला. पतंजलींनी महाभाष्य या आपल्या व्याकरणग्रंथाच्या पहिल्याच आह्निकात, म्हणजे प्रकरणात, व्याकरण का शिकावं हे सांगताना हा दाखला दिला आहे. लेस्टरच्या ऑफिसात घडलं ते याहून फार वेगळं नाही. अक्षरं तीच होती, स्वर दुसरीकडे पडला आणि अर्थ फिरला.

दुरुस्ती: विग्रह करा

इंग्रजीच्या पुस्तकांत सहसा सांगतात की जोडशब्द असेल तर आघात पहिल्यावर, विशेषण आणि नाम असेल तर दुसऱ्यावर. नोम चॉम्स्की आणि मॉरिस हॅले या भाषाशास्त्रज्ञांनी १९६८ साली हे दोन वेगळे नियम म्हणून मांडले. नियम बरोबर आहेत. पण शिकणाऱ्याचा प्रश्न त्याच्या आधीचा असतो: समोर आलेला शब्द जोडशब्द आहे की नुसता शब्दसमूह, हे ओळखायचं कसं? ‘टॉय फॅक्टरी’त तर दोन्ही नामंच आहेत.

इथे शाळेत शिकलेला समासविग्रह कामाला येतो. मी गेली काही वर्षं असंच शिकवते, आणि आघाताच्या याद्या पाठ करून घेण्यापेक्षा याने फार लवकर फरक पडतो. शब्द मराठीत फोडा आणि मध्ये कोणता दुवा निघतो ते बघा.

‘साठी’ निघाला तर आघात पहिल्यावर. चहासाठी कप, ˈटीकप. झोपण्यासाठी पिशवी, ˈस्लीपिंग बॅग. पोहण्यासाठी तलाव, ˈस्विमिंग पूल. पहिला शब्द दुसऱ्याच्या क्रियेचं कर्म असेल तरी तेच: बस चालवणारा ˈबस ड्रायव्हर, खेळणी बनवणारी ˈटॉय फॅक्टरी, रक्ताची तपासणी ˈब्लड टेस्ट, इंग्रजी शिकवणारी ˈइंग्लिश टीचर.

‘असलेला’ निघाला, म्हणजे कर्मधारय, तर आघात दुसऱ्यावर. इंग्रज असलेली शिक्षिका, इंग्लिश ˈटीचर. खेळण्यातला, म्हणजे स्वतःच खेळणं असलेला कारखाना, टॉय ˈफॅक्टरी.

‘पासून बनलेला’ निघाला तरी दुसऱ्यावर. सोन्याची अंगठी, गोल्ड ˈरिंग. सुती शर्ट, कॉटन ˈशर्ट. विटांचं घर, ब्रिक ˈहाउस. इथे थोडं थांबा, कारण मराठीतला ‘चा-ची-चे’ चकवतो. ‘सोन्याची अंगठी’ आणि ‘सोन्याची खाण’ यांत प्रत्यय एकच आहे, पण अंगठी सोन्याची बनलेली असते, खाण बनलेली नसते. तिच्यातून सोनं काढतात. म्हणून ˈगोल्ड माइन. नुसत्या ‘ची’वर विसंबू नका, विग्रह पूर्ण करा. कळंबोलीच्या पोलाद बाजारात काम करणाऱ्या एकाला मी हाच धडा त्याच्या रोजच्या शब्दावर दिला. ˈस्टील वेअरहाउस म्हणजे पोलाद साठवायचं गोदाम, स्टील ˈवेअरहाउस म्हणजे पोलादाचं बांधलेलं गोदाम. त्याला परदेशी ग्राहकाला पहिलं सांगायचं असे आणि तोंडून दुसरं जाई.

‘मधला’, ‘वरचा’, ‘वेळचा’ असा जागेचा किंवा काळाचा दुवा निघाला तर बहुतेक वेळा आघात दुसऱ्यावर: किचन ˈटेबल, सिटी ˈसेंटर, फ्रंट ˈडोअर, समर ˈहॉलिडेज. द्वंद्व असेल तरी दुसऱ्यावर: ब्रेड अँड ˈबटर, सिंगर-ˈसाँगरायटर. बहुव्रीही नाम असेल तर पहिल्यावर: लाल केसांची व्यक्ती ˈरेडहेड, कागदी वेष्टणाचं पुस्तक ˈपेपरबॅक. बहुव्रीहीत पूर्वपदाचा स्वर टिकतो हा पाणिनीचा नियम ज्यांना आठवतो त्यांना इथे ओळखीचं काही तरी भेटल्यासारखं वाटेल.

‘इंग’ने संपणारे शब्द

हा गट मला विशेष आवडतो, कारण इथे मराठी आपल्याला उत्तर हातात आणून देते. चालण्यासाठीची काठी, ˈवॉकिंग स्टिक. चालणारी बाहुली, वॉकिंग ˈडॉल. ‘ण्यासाठी’ आलं की पहिला, ‘णारा-णारी’ आलं की दुसरा. गाणं शिकवणारे सर ˈसिंगिंग टीचर. वर्गात गात बसलेले सर सिंगिंग ˈटीचर.

एक खाचखळगा आहे. वॉशिंग मशीनला ‘धुण्यासाठीचं यंत्र’ही म्हणता येतं आणि ‘धुणारं यंत्र’ही. तिथे स्वतःला विचारा, की ही क्रिया आत्ता चालू असल्याचं सांगायचंय, की ती वस्तू त्या कामासाठीच आहे? मशीन बंद असलं तरी ते वॉशिंग मशीनच असतं. म्हणून ˈवॉशिंग मशीन. झोपलेलं बाळ जागं झालं की ते स्लीपिंग ˈबेबी राहत नाही.

संगणकावर काम करणाऱ्यांसाठी याचा शेजारी असलेला गट: ˈबॅकअप, ˈलॉगिन, ˈसेटअप ही नामं, ‘प्लीज बॅक इट ˈअप’, ‘आय कान्ट लॉग ˈइन’ ही क्रियापदं. नामात आघात पहिल्यावर, क्रियापदात मागच्या छोट्या शब्दावर. दिवसातून वीसदा तोंडी येणारे हे शब्द दुरुस्त केले तर बाकीचे वळायला सोपे जातात.

तोंडात कसं आणायचं

नियम कळतो, पण जीभ ऐकत नाही, ही पुढची तक्रार. जोर द्यायचा म्हणजे ओरडायचं असं पुष्कळांना वाटतं. मग ‘क्रेडिट’ दणक्यात येतं आणि ‘कार्ड’ही तेवढ्याच दणक्यात येतं. खरा फरक सुराचा आहे. पहिल्या तुकड्यावर सूर वर जाऊन उतरतो, आणि दुसरा तुकडा खालच्या सुरात सपाट चालतो.

हा सूर मराठीत आहे. कुणी विचारलं, ‘सुट्टीत आत्याच्या घरी गेला होतास ना?’, आणि तुम्ही म्हणालात, ‘आत्याच्या नाही, मामाच्या घरी.’ हे उत्तर मोठ्याने म्हणून बघा. ‘मामाच्या’वर सूर चढला आणि ‘घरी’ पाठोपाठ खाली सपाट आलं. तोच सूर घ्या. ‘मामाच्या घरी’ तीनदा म्हणा आणि चौथ्यांदा त्याच चालीवर ˈस्विमिंग पूल म्हणा. ओठ मिटून नुसती चाल गुणगुणली तरी चालेल. वर्गात मी हेच करून घेते, आणि बहुतेकांना पहिल्या दहा मिनिटांत तो सूर सापडतो. ‘पहिल्या शब्दावर जोर द्या’ असं महिनाभर सांगून जे होत नाही ते ‘मामाच्या घरी’ने होतं.

दुसरा तुकडा गिळू नका. सूर खाली येतो, स्वर नाहीसा होत नाही. ‘ब्लॅकबर्ड’मधला ‘बर्ड’ पूर्ण म्हणायचा, ‘क्रेडिट कार्ड’मधला ‘का’ लांबच ठेवायचा. फार जुने, झिजलेले काही शब्द याला अपवाद आहेत: ‘पोस्टमन’मधला ‘मन’ अगदी पुसट होतो, ‘कबर्ड’मध्ये तर ‘कप’चा ‘प’ सुद्धा उरलेला नाही. तेवढे वेगळे शिका.

दुरुस्तीनंतर उलटी चूक

पहिल्यावर आघात द्यायची सवय लागली की माणूस सगळीकडेच देऊ लागतो. ˈचीज सँडविच, ˈप्राइम मिनिस्टर असं काहीबाही येऊ लागतं. चीज ˈसँडविच, प्राइम ˈमिनिस्टर, हाय ˈकोर्ट, ब्लॅक ˈमार्केट, कॉमन ˈसेन्स हे सगळे दुसऱ्या तुकड्यावर आघात घेणारे आहेत. ‘हाय कोर्ट’च्या शेजारी मात्र ˈहाय स्कूल आहे. यामागे नियम शोधत वेळ घालवू नका, पाठ करा.

खाण्याच्या पदार्थांत सहसा आघात दुसऱ्यावर असतो, कारण दुवा ‘पासून बनलेला’ हाच असतो: चिकन ˈसूप, ॲपल ˈपाय. पण ‘केक’ आणि ‘जूस’ फुटून निघतात: ˈॲपल केक, ˈऑरेंज जूस. त्यामुळे नाताळाच्या एकाच टेबलावर ˈख्रिसमस केक आणि ख्रिसमस ˈपुडिंग शेजारी शेजारी असतात. सण तोच, पण ˈख्रिसमस ट्री आणि ˈख्रिसमस कार्ड एका बाजूला, ख्रिसमस ˈडे आणि ख्रिसमस ˈईव्ह दुसऱ्या बाजूला.

रस्त्यांचंही तसंच. लंडनमध्ये ˈऑक्सफर्ड स्ट्रीट, ˈडाउनिंग स्ट्रीट. न्यूयॉर्कमध्ये फिफ्थ ˈॲव्हेन्यू. ‘स्ट्रीट’ असेल तर आघात नावावर, आणि रोड, ॲव्हेन्यू, स्क्वेअर, ब्रिज असं काहीही असेल तर आघात त्या शब्दावर. मला पटणारं कारण असं, की ‘स्ट्रीट’ इतका सर्रास येतो की तो न ऐकताही कळतो, म्हणून सगळं वजन नावाला जातं. मुंबईत इंग्रजीत पत्ता सांगताना ˈप्रिन्सेस स्ट्रीट, पण मरीन ˈड्राइव्ह आणि मलबार ˈहिल. पुण्यात एमजी ˈरोड.

काही शब्दांत इंग्रजांचंच आपसांत जमत नाही. ‘वीकेंड’ ब्रिटनमध्ये बहुधा वीकˈएंड, अमेरिकेत ˈवीकेंड. ‘आइस क्रीम’ ब्रिटिश तोंडी पुष्कळदा आइस ˈक्रीम, अमेरिकन तोंडी ˈआइस क्रीम. तुमचं बोलणं ज्या लोकांशी आहे त्यांचं ऐका आणि तेच धरा.

शंका आली तर चांगल्या उच्चारकोशात बघा. वरची उभी खूण पहिल्या तुकड्याआधी असेल तर प्रश्न मिटला. पहिल्याआधी खालच्या बाजूला खूण आणि दुसऱ्याआधी वरच्या बाजूला खूण असेल, तर मुख्य आघात दुसऱ्यावर.

तीन शब्द आले की

इथेही विग्रहच. आधी कोणते दोन एकत्र आले ते बघा. दीपगृहाचा राखणदार म्हणजे आधी ‘लाइट’ आणि ‘हाउस’ जुळले, मग ‘कीपर’: ˈलाइटहाउस कीपर. अंगाने हलकी असलेली घरकाम सांभाळणारी बाई म्हणजे ‘हाउस’ आणि ‘कीपर’ आधी जुळले, मग ‘लाइट’ विशेषण लागलं: लाइट ˈहाउसकीपर. रोजच्या वापरातलं म्हणाल तर ˈक्रेडिट कार्ड बिल, पण प्लॅस्टिक ˈवॉटर बॉटल. पहिल्यात क्रेडिट कार्डाचं बिल, दुसऱ्यात प्लॅस्टिकची बनलेली ˈवॉटर बॉटल. विग्रह नीट झाला की चार शब्दांची रांगही घाबरवत नाही.

सगळं बरोबर करूनही कान गोंधळला तर

हा प्रश्न सरावात महिना-दोन महिने घालवलेले लोक विचारतात, आणि तो विचारला की मला आनंद होतो, कारण त्यांचा कान उघडलेला असतो. ते सांगतात, ‘तुम्ही ˈबस स्टॉप, ˈबस स्टेशन शिकवलंत, पण काल एक इंग्रज माणूस स्पष्ट बस ˈस्टेशन म्हणाला.’ मी विचारते, त्याच्या आधी काय बोलणं चाललं होतं? बहुतेक वेळा उत्तर निघतं, की कुणी तरी बस स्टॉपवर थांबायचं समजून चाललं होतं आणि तो दुरुस्त करत होता: स्टॉप नाही, स्टेशन. दोन गोष्टींत फरक दाखवायचा असला की आघात त्या फरकावर जातो आणि वरचे सगळे नियम बाजूला होतात. आपणही ‘मामाच्या घरी नाही, मामाच्या दुकानात’ म्हणताना सूर ‘दुकानात’वर नेतोच. असा शब्द कानावर पडला तर वहीत लगेच खोडाखोड करू नका. त्याच माणसाकडून तो शब्द साध्या वाक्यात पुन्हा ऐकू येईपर्यंत थांबा, आणि मग लिहा.